उंची सोडा, वारा बघा: स्कॉटलंडच्या हिवाळी डोंगरांत पहिल्यांदा जाताना

इथलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर, आपलं कळसूबाई १६४६ मीटर. एडिनबरो-ग्लासगोला शिकायला किंवा नोकरीला आलेला मराठी ट्रेकर हा हिशोब पहिल्या महिन्यातच करतो. मग डिसेंबरच्या सुट्टीत चार मित्र, भाड्याची गाडी आणि ऑफिसला घालायची जाकिटं एवढ्या भांडवलावर नेव्हिसच्या पायथ्याचं फोर्ट विल्यम गाठलं जातं. आकडे खरे आहेत, पण इथे त्यांच्यावर काही ठरत नाही. हे डोंगर ५७ अंश अक्षांशाच्या आसपास, थेट अटलांटिकच्या तोंडावर उभे आहेत. समुद्रावरून आलेलं प्रत्येक वादळ आधी त्यांच्या अंगावर येतं. केर्नगॉर्म या डोंगराच्या माथ्यावर २० मार्च १९८६ रोजी ताशी १७३ मैलांचा झोत नोंदला गेला, म्हणजे जवळजवळ २७८ किलोमीटर.

थंडीही लडाखसारखी कोरडी नसते. पारा शून्याच्या आगेमागे घुटमळत राहतो. पायथ्याला पाऊस, मध्ये ओला बर्फ, वर गोठवणारा वारा, आणि रात्री आभाळ निवळलं की सगळी ओल गोठून उतार टणक. पावसाळ्यात चिंब भिजत राजगड चढण्याची आपली सवय इथे पहिल्या दिवशीच सोडावी लागते. अंग भिजलं आणि वारा लागला, की धडधाकट माणूसही तासाभरात बोलताना अडखळू लागतो.

आधी डोंगर निवडा, आणि छोटा निवडा

बर्फाचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. नवख्यांनी शक्यतो फेब्रुवारीची अखेर किंवा मार्च धरावा. बर्फ बसलेला असतो आणि दिवस मोठा झालेला असतो. डिसेंबरच्या शेवटी हायलंड्समध्ये पावणेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. ट्रेकला दिवसच उरत नाही.

पहिल्या खेपेला मी सगळ्यांना एव्हीमोरजवळच्या ग्लेनमोरला पाठवतो. एडिनबरो आणि ग्लासगोहून इनव्हर्नेसकडे जाणारी ट्रेन एव्हीमोरला थांबते, पुढे बस आहे, गाडी लागत नाही. हवा खराब असेल तर पाइनच्या जंगलातून हिरव्या पाण्याच्या तळ्यापर्यंत, म्हणजे अन लोखन उआन्यापर्यंत, आणि पुढे रायव्होनच्या खोपटापर्यंत चालून परत या. हवा बरी असेल तर तिथूनच म्यौल अ वूखल्य हा ८१० मीटरचा डोंगर चढा. वाट ठळक आहे, चुकलात तरी खाली जंगल आणि रस्ता आहे, आणि माथ्यावर वारा म्हणजे काय हे नीट कळतं.

वेळेचा अंदाज बांधायला १८९२ सालचा नेस्मिथचा नियम अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. या डोंगराची फेरी साधारण साडेआठ किलोमीटरची, चढ पाचशेच्या आसपास. म्हणजे अडीच तास. हिवाळ्यात त्याची दीडपट करा, नवखा गट असेल तर चार तास धरा. गुडघाभर भुसभुशीत बर्फ लागला तर हाही हिशोब कोलमडतो.

हे जमलं की पिटलॉक्रीजवळचा बेन व्रॅकी (८४१ मीटर), मग शिहॅलियन (१०८३ मीटर). शिहॅलियनवर १७७४ साली पृथ्वीचं वजन काढण्याचा प्रयोग झाला होता. त्या मोजमापांवर काम करताना चार्ल्स हटनने सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. नकाशावरच्या ज्या समोच्च रेषा वाचत तुम्ही चढणार, त्यांच्या इतिहासात या डोंगराला मानाचं पान आहे. बेन नेव्हिस मात्र पहिल्या हिवाळ्यात नको. का, ते पुढे येईलच.

आदल्या दिवशी संध्याकाळी

खरा ट्रेक इथे सुरू होतो, घरी, चहाचा कप घेऊन. शहराचा हवामान अंदाज डोंगराला लागू पडत नाही. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस, बोलताना 'एमविस', रोज दुपारनंतर डोंगराळ पट्ट्यांचे वेगवेगळे अंदाज देते. मेट ऑफिसचाही, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याचाही, डोंगरांसाठी वेगळा अंदाज असतो. दोन्ही वाचा.

वाचताना आधी वारा बघा. अंदाजात तो मैलांत असतो आणि मन्रोंच्या माथ्यांसाठी असतो. तीन हजार फुटांवरची, म्हणजे ९१४ मीटरपेक्षा उंच अशी २८२ शिखरं इथे आहेत, त्यांना मन्रो म्हणतात. ताशी वीस-पंचवीस मैलांपर्यंत नवख्याने खुशाल जावं. पस्तीस-चाळीसला चालणं कष्टाचं होतं, दर पावलाला तोल सावरावा लागतो. पन्नासच्या पुढे माणूस ढकलला जातो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वीसचा चाळीस झाला की धक्का चौपट बसतो. त्यातही 'गस्ट्स' हा शब्द शोधा. सरासरी तीस आणि झोत पंचावन्न असेल, तर तुम्हाला पाडणार ते झोत. खिंडीत आणि धारेवर वारा आवळला जातो, तिथे आकडा आणखी चढा धरा.

मग बघा गोठणपातळी, म्हणजे कितव्या मीटरला पारा शून्यावर येतो ते. ती दिवसभरात ३०० वरून १२०० मीटरवर चढणार असेल, तर सकाळचा कडक बर्फ दुपारी चिखल होणार आणि धारेवरचे बर्फाचे छज्जे सुटायला लागणार. उलट १२०० वरून खाली येणार असेल, तर चढताना ओली असलेली वाट उतरताना टणक झालेली असेल. तिसरी गोष्ट ढगांचा तळ. माथे ढगात असतील तर तुमचा ट्रेक नकाशा-होकायंत्राचा होणार. ते येत नसेल तर बेत बदला.

हिमस्खलनाचा अंदाज वेगळा असतो. 'हे आल्प्स थोडेच आहेत' असं म्हणणारे खूप भेटतात, आणि इथे दर काही हिवाळ्यांनी माणसं गाडली जातात. स्कॉटिश अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिस डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सहा भागांसाठी रोज दुसऱ्या दिवसाचा अंदाज काढते: उत्तर आणि दक्षिण केर्नगॉर्म, लोखाबर, ग्लेनको, क्रेग मेगी आणि टॉरिडन. त्यातलं गोल चित्र हे होकायंत्राचं चक्र असतं. कुठल्या दिशेच्या आणि किती उंचीवरच्या उतारांवर किती धोका, ते रंगांनी दाखवलेलं असतं. पाच पायऱ्या असतात. तिसरी, 'कन्सिडरेबल', ही मधली म्हणून लोक तिला साधारण समजतात. नवख्याने त्या रंगाच्या उताराकडे जायचंच नाही.

यामागची यंत्रणा समजून घेतली की चित्र पाठ करावं लागत नाही. नैऋत्येचा वारा पठारावरचा बर्फ उचलतो आणि आडोशाच्या, म्हणजे ईशान्येच्या उतारावर नेऊन टाकतो. वाऱ्याने दाबून बसवलेला हा थर खालच्या थराला धड चिकटलेला नसतो, जुन्या भिंतीवर गिलाव्याचा पोपडा नुसता टेकून असतो तसा. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर त्यावर माणूस चढला की तो तुकड्याने सुटतो. बहुतेक वेळा स्खलन सुरू होतं ते त्यात सापडलेल्यांच्याच वजनाने. पायाखालचा बर्फ खडूच्या रंगाचा, पोकळ वाजणारा आणि बुटाभोवती चिरा पडणारा असेल, तर आल्या पावली मागे फिरा.

काय घालायचं, काय न्यायचं

जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, त्यावर टोपीवाला वॉटरप्रूफ कोट आणि वॉटरप्रूफ पँट. थांबल्यावर सगळ्याच्या वर चढवायला एक जाड सिंथेटिक जाकीट सॅकमध्ये. पिसांचं जाकीट भिजलं की कुचकामी होतं, आणि इथे ते भिजतंच. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. गाडीपाशी उबदार वाटत असेल तर वीस मिनिटांत घामाने आतून भिजाल.

हातमोज्यांवर कंजुषी करू नका. निदान तीन जोड्या: चालताना पातळ, त्यावर वॉटरप्रूफ, आणि अडचणीसाठी एक जोडी जाड मिटन्सची. एक जोडी वाऱ्याने उडून जाते, दुसरी भिजते, तिसरीवर तुम्ही घरी येता. बोटं बधिर झाली की चेन ओढता येत नाही, डब्याचं झाकण उघडत नाही, नकाशाची घडी उलगडत नाही. स्की गॉगल्सही हवेतच, स्कीइंग करायचं नसलं तरी. उडता बर्फ डोळ्यांत जायला लागला की वाऱ्याकडे तोंड करून चालताच येत नाही.

बूट आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे दात, एकमेकांना जुळावे लागतात. बुटांना बी-१, बी-२, बी-३ आणि क्रॅम्पॉनना सी-१, सी-२, सी-३ असे दर्जे असतात. नवख्या भटक्याला बी-१ बूट आणि सी-१ क्रॅम्पॉन पुरतात. उन्हाळी ट्रेकिंगचा मऊ बूट तळव्यात वाकतो आणि क्रॅम्पॉन ऐन उतारावर निसटतो. रबरी पट्ट्याचे छोटे मायक्रोस्पाइक्स जंगलातल्या गोठलेल्या वाटेला ठीक, डोंगरउताराला नाही. हे सगळं विकत घ्यायची घाई नको, एव्हीमोर आणि फोर्ट विल्यमच्या दुकानांत बूट, क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाडीसारखी काठी) भाड्याने मिळतात. घेताना क्रॅम्पॉन बुटावर बसवून घ्या आणि बूट उचलून हलवून बघा.

सॅकमध्ये कागदी नकाशा, होकायंत्र, हेडटॉर्च आणि जादा बॅटऱ्या, शिट्टी, आणि गटाला एक बॉथी बॅग. ही तंबूच्या कापडाची खांब नसलेली पिशवी. चौघांनी डोक्यावरून ओढून आत बसलं की दोन मिनिटांत ऊब येते. जेवायचं तेही तिच्यातच. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ. थंडीत चाळीस टक्के चार्ज असलेला फोनही अचानक मान टाकतो.

खाण्याचं सांगायचं तर चिक्की आणू नका, दात हलतील. खजूर, शेंगदाण्याचे मऊ लाडू, चीज. सगळं कागदातून काढून छोट्या पिशव्यांत, कोटाच्या खिशात ठेवा, म्हणजे चालता चालता खाता येतं. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, म्हणून थर्मास.

आइस अ‍ॅक्स चालवायला शिका

सॅकला लटकवलेली अ‍ॅक्स शोभेची. उतार सुरू झाला की ती हातात, डोंगराकडच्या हातात, टोकदार चोच मागे. वळणावर दिशा बदलली की हातही बदलायचा. घसरलात की लगेच पोटावर वळायचं. अ‍ॅक्सचं डोकं खांद्याच्या खालच्या खळगीत, दुसरा हात दांड्याच्या खालच्या टोकावर, चोच बर्फात, आणि छातीचा सगळा भार तिच्यावर. तोंड अ‍ॅक्सच्या पात्यापासून दुसरीकडे वळवायचं. क्रॅम्पॉन घातले असतील तर पाय गुडघ्यात वाकवून वर. दात बर्फात अडकले तर तुम्ही उलटेपालटे व्हाल आणि घोटा मोडेल.

वाचून हे येत नाही. जिथे घसरगुंडी सपाटीवर जाऊन आपोआप थांबते असा छोटा उतार शोधा, खाली दगड नाहीत ना बघा, हेल्मेट घाला, क्रॅम्पॉन काढा आणि आधी बसून, मग पोटावर, मग डोकं खाली करून पाठीवर घसरून पाहा. दोन्ही हातांनी. लाज सोडून तासभर घसरा. त्यापेक्षाही चांगलं म्हणजे ग्लेनमोर लॉज या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रातला किंवा एखाद्या प्रमाणित प्रशिक्षकाचा विंटर स्किल्स कोर्स. पैसे जातात, पण माझ्या मते नव्या बुटांआधी हा खर्च करावा. आणि लक्षात ठेवा, टणक बर्फावर दोन सेकंदांत वेग इतका वाढतो की अ‍ॅक्सने थांबणं कठीण होतं. न घसरणं हे खरं कौशल्य.

क्रॅम्पॉन गरज पडायच्या आधी, सपाट जागी घाला. पाय जरा फाकवून, सगळे दात एकदम टेकवत चाला. नाहीतर एका पायाचा दात दुसऱ्या पायाच्या पँटच्या मोहरीत अडकतो आणि माणूस तोंडावर आपटतो.

माथ्यावर, ढगात

केर्नगॉर्मचं पठार फसवं आहे. स्की सेंटरच्या गाडीतळापासून माथा जवळ, चढ सोपा, आणि वर पोचलं की मैलोन्मैल सपाट. ढग उतरला की जमीन आणि आभाळ एक होतात, सावली नाही, क्षितिज नाही. पाय टाकला तिथे चढ आहे की उतार, हेही कळत नाही. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये याच पठारावर एडिनबरोच्या एका शाळेची पाच मुलं आणि त्यांच्यासोबतची अठरा वर्षांची मदतनीस वादळात गोठून गेली. ज्या छोट्या निवाऱ्याकडे गट निघाला होता, तिथपर्यंत त्यांना पोचता आलं नाही. पुढे तो निवाराच हटवण्यात आला.

अशा व्हाइटआउटमध्ये, म्हणजे सगळं पांढरं झालं की, होकायंत्रावर दिशा लावून पावलं मोजायची. शंभर मीटरला साधारण साठ-पासष्ट जोडपावलं, बर्फात जास्त. तुमची संख्या सपाट मैदानात आधी मोजून ठेवा. पुढे काहीच दिसत नसेल तर बर्फाचा गोळा करून समोर टाका. तो पडलेला दिसला तर तिथे जमीन आहे. हवेत नाहीसा झाला तर थांबा, तिथे कडा असू शकते. कड्यांच्या काठावर वाऱ्याने बांधलेले कॉर्निस, बर्फाचे छज्जे, असतात. वरून ते पठाराचाच भाग वाटतात. काठापासून वाटतं त्यापेक्षा बरंच आत चाला, कारण छज्जा तुटताना मागचा बराच बर्फ घेऊन तुटतो.

बेन नेव्हिसचं आता सांगतो. माथा सपाट, उत्तरेला कड्यांतल्या घळी थेट वाटेजवळ येतात, दक्षिणेला फाइव्ह फिंगर गली ही नाळ. मधली सुरक्षित पट्टी अरुंद. उतरताना माथ्यावरच्या त्रिकोणमिती खांबापासून २३१ अंश ग्रिड दिशेला (नकाशावरच्या उभ्या रेषांपासून मोजलेल्या) १५० मीटर, मग २८२ अंश, वळणावळणांची वाट लागेपर्यंत. चुंबकीय फरक सध्या स्कॉटलंडात नगण्य आहे, तरी नकाशावर लिहिलेला तपासा. हे दोन आकडे पन्नास मैलांच्या वाऱ्यात, गॉगल्सवर बर्फ साचलेला असताना, पावलं मोजत पाळता येत असतील तेव्हा हिवाळ्यात नेव्हिसला जा.

परत फिरण्याची वेळ सकाळीच ठरवा आणि सगळ्यांना सांगा. माथा दहा मिनिटांवर असला तरी घड्याळ म्हणालं की वळायचं.

स्कीइंग करायचं असेल तर

पाच स्की केंद्रं आहेत: केर्नगॉर्म, ग्लेनशी, लेख्ट, ग्लेनको आणि नेव्हिस रेंज. ग्लेनको सगळ्यांत जुनं, १९५६ पासूनचं. ग्लेनशी सगळ्यांत मोठं. लेख्टचे उतार छोटे आणि सौम्य, म्हणून मी शिकाऊंना तिथेच जा म्हणतो. एडिनबरोच्या कडेला हिलेंडला कृत्रिम उतार आहे, तिथे आधी दोन-चार धडे घेतले तर पैसे आणि गुडघे दोन्ही वाचतात.

आल्प्सचे फोटो डोक्यातून काढून टाका. इथला बर्फ वाऱ्याने खरवडलेला, कधी टणक, कधी ओला, मध्ये हेदरची झुडपं डोकावलेली. उताराच्या कडेने लाकडी पट्ट्यांची कुंपणं दिसतील, ती उडता बर्फ अडवून धरण्यासाठी असतात. वारा वाढला की लिफ्ट बंद होतात, म्हणून सकाळी केंद्राची सूचना पाहिल्याशिवाय निघू नका. ग्लेनशीला जाणारा ए-९३ आणि लेख्टवरून जाणारा ए-९३९, दोन्ही रस्त्यांवर बर्फ पडला की फाटकं लावतात.

नवख्यांची पहिली फजिती उतारावर होत नाही, बटण टोवर, म्हणजे उभ्याने वर ओढून नेणाऱ्या लिफ्टवर, होते. दोन पायांमध्ये घ्यायची ती तबकडी बसायला नसते. बसलात की स्प्रिंगची दोरी लांबते आणि तुम्ही थेट बर्फात. उभं राहायचं, गुडघे सैल, स्की समांतर, आणि तिने ओढू द्यायचं. पडलात तर लगेच बाजूला सरका, मागून पुढचा येत असतो. भाड्याने स्की घेताना वजन खरं सांगा, त्यावरून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, लावतात. लाजेने कमी सांगितलं तर ते नको तिथे सुटतं, जास्त सांगितलं तर पडल्यावर सुटतच नाही.

तळाला स्किन्स (चढताना स्की मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या) लावून पठारावर स्की टूरिंग करायचं असेल, तर आधी कुठल्याही बर्फावर हव्या त्या क्षणी थांबता आलं पाहिजे. गटातल्या प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), आणि ते वापरण्याचा सराव. ढगात स्कीवर असताना कडा चालणाऱ्यापेक्षा फार लवकर येते.

अडचण आली तर

९९९ लावा, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. पथकं स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत. नकाशावरचा ग्रिड संदर्भ, किती जण, काय दुखापत, हे आधी कागदावर लिहून मग बोला. सिग्नल कच्चा असेल तर मजकूर पाठवता येतो, पण त्यासाठी आधीच नोंदणी लागते: इंग्रजीत 'रजिस्टर' एवढाच शब्द ९९९ वर पाठवायचा. आज करून टाका. शिट्टीचा संकेत मिनिटात सहा फुंका, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर करून उभे राहा आणि सैल वस्तू आधी दाबून ठेवा.

निघताना वाट आणि परतीची वेळ कुणालातरी सांगून ठेवा, आणि खाली उतरलात की त्याला पहिला फोन करा. नाहीतर तुम्ही एव्हीमोरच्या पबमध्ये गरम सूप पीत असता, आणि गावातली माणसं जेवणाची ताटं टाकून, हेडटॉर्च लावून तुम्हाला शोधायला वर निघालेली असतात.